आम्हाला बंद पडलेलं मशीन द्या!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल

मराठी विभागाच्या संपादकांनी मला मेसमध्ये गाठून "एक लेख दे" म्हटलं तेव्हा मी चपाती हातात धरून हसलोच. पहिली ते दहावी सिस्टर्सच्या कॉन्व्हेंटमध्ये काढलेल्या मुलाकडे मराठी लेख मागायचा म्हणजे कमाल आहे! आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं तर दंड व्हायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांची, मुद्दा तेवढा माझा.

मुद्दा असा. पाच सेमिस्टरमध्ये मी साठ-सत्तर प्रॅक्टिकल्स केली. त्यांत एकही मशीन बंद पडलेलं नव्हतं. (खरं म्हणजे दोन होती, पण त्यांची रीडिंग्ज सीनिअरच्या जर्नलमध्ये तयार होती. हे वाक्य सरांनी वाचू नये.) आणि गेल्या दिवाळीत जेव्हा एक खरोखर बंद पडलेली गाडी माझ्यासमोर उभी राहिली, तेव्हा आपल्याला काहीच येत नाही हे मला कळलं. तेही इतक्या वाईट पद्धतीने कळलं की आजोबा गाडी विकायला निघाले.

आमच्या कोल्हापूरच्या घरी 1955 सालची मॉरिस मायनर आहे. आजोबांनी ती 1978 मध्ये सांगलीच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : मॉरिस मायनर ही अ‍ॅलेक इसिगोनिस या माणसाने डिझाईन केलेली छोटी इंग्रजी गाडी. 1948 मध्ये आली आणि दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी पहिली ब्रिटिश गाडी ठरली. याच माणसाने पुढे 1959 मध्ये मिनी काढली. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने 'बेबी हिंदुस्थान' म्हणून हीच गाडी विकली होती. तिला 'व्हिंटेज' म्हणायचं की 'क्लासिक' यावर शौकीन लोक भांडतात. आपल्या केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांत मात्र पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी म्हणजे व्हिंटेज, त्यामुळे मी बिनधास्त व्हिंटेज म्हणतो. इंजिन 803 सीसी. म्हणजे आपल्या पार्किंगमधल्या काही बाईकपेक्षाही लहान!

या गाडीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तिचा पेट्रोल पंप. फियाटमध्ये पंप इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालायचा, इंजिन फिरलं की पंप चालणार. 2020 मध्ये बीएस-6 आल्यापासून आपल्या बाईकमध्येही टाकीत बुडालेला इलेक्ट्रिक पंप असतो, चावी फिरवली की दोन सेकंद 'झूंऽऽ' करतो तो. मायनरचा पंप या दोघांच्या मधला. आहे इलेक्ट्रिक, पण बसतो बॉनेटखाली, फायरवॉलवर, आणि तो बोलतो. चावी फिरवली की टक-टक-टक-टक. त्याला एसयू पंप म्हणतात. एसयू म्हणजे स्किनर युनियन, स्किनर भावांची कंपनी, कार्बोरेटरसाठी जास्त प्रसिद्ध.

हा पंप कसा चालतो ते जरा नीट सांगतो, कारण पुढची सगळी फजिती त्यावर अवलंबून आहे. आत एक डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा असतो. त्याला चिकटून एक लोखंडी चकती आणि तिच्यामागे कॉइल. चावी फिरवली की कॉइलमध्ये करंट जातो, लोहचुंबक तयार होतो आणि चकतीला पडद्यासकट मागे खेचतो. पडदा मागे गेला की टाकीकडून पेट्रोल आत ओढलं जातं. पूर्ण मागे पोचला की त्याच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला एक छोटा रॉकर फटकन उलटतो आणि पॉइंट उघडतात. करंट बंद! आता एक स्प्रिंग पडद्याला पुढे ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. पडदा पुढे पोचला की रॉकर परत उलटतो, पॉइंट जुळतात, आणि पुन्हा पहिल्यापासून. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मित्रांच्या भाषेत सांगायचं तर हा ऑसिलेटर आहे, फक्त त्याची फ्रिक्वेन्सी पेट्रोलची मागणी ठरवते.

आणि म्हणूनच हा पंप स्वतःचा रिपोर्ट स्वतः देतो. चावी फिरवल्यावर भराभर टकटक करून हळू हळू थांबला, तर सगळं ठीक, कार्बोरेटरचं फ्लोट चेंबर भरलं. थांबतच नाही, घाईघाईने वाजतच राहतो, तर त्याला पेट्रोल मिळत नाहीये, टाकी रिकामी आहे किंवा टाकीकडच्या नळीतून कुठून तरी हवा ओढतोय. इंजिन बंद असूनही मधूनच एखादा 'टक' येत राहिला, तर भरलेलं पेट्रोल कुठेतरी निसटतंय, पंपाचा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये किंवा कार्बोरेटरची निडल गळतेय. आणि वाजलाच नाही तर? तर वायर, अर्थिंग, जळके पॉइंट, कडक झालेला पडदा, काहीही असू शकतं.

पण गप्प बसण्याचेही दोन प्रकार आहेत, आणि मला हे तेव्हा माहीत नव्हतं. फ्लोट चेंबर भरून पंप थांबला, तर पडदा मागे खेचलेला असतो आणि पॉइंट उघडे असतात. करंट नाही, पंप थंड. उलट पेट्रोल ओढायलाच जमत नसेल, तर पडदा पूर्ण मागे येतच नाही, रॉकर उलटत नाही, पॉइंट जुळलेलेच राहतात. कॉइलमधून करंट वाहतच राहतो आणि पंप तापतो. बाहेरून दोन्ही वेळा शांतता. एक शांतता पोट भरल्याची, दुसरी गळा दाबल्याची.

आता दिवाळी. आमच्याकडे दरवर्षी पाडव्याला आजी-आजोबा मायनरमधून जोतिबाला जातात. चालवायला आजोबा, मागे आजी, आणि 'टेक्निकल सपोर्ट' म्हणून यंदा पुढच्या सीटवर मी. आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरून घेतली. शिवाजी पूल, रजपूतवाडी, सगळं मजेत. केर्लीला वळलो, घाट लागायच्या आत गाडीने दोन आचके दिले आणि बंद. चावी फिरवली. टकटक नाही. बॉनेट उघडून पंपाला हात लावला तर चटका बसला.

मी लगेच निदान केलं. "आजोबा, पंप गेला. ओव्हरहीट होतोय." वीस मिनिटांनी चावी फिरवली तर दोन-चार दमलेले 'टक' आले आणि गाडी चालू झाली. "बघा, थंड झाला आणि चालला," मी म्हटलं. दोन किलोमीटरवर पुन्हा बंद. त्या दिवशी जोतिबाचं दर्शन केर्लीच्या फाट्यावरूनच हात जोडून झालं. आजी काही बोलली नाही. नुसतं "चांगभलं" म्हणाली आणि रिक्षाने परत आलो. गाडी संध्याकाळी टो करून आणली.

आजोबा म्हणाले, "मिस्त्रींना विचार की." मिस्त्री म्हणजे उद्यमनगरात ज्यांचं गॅरेज होतं ते, आता पंचाहत्तरीचे, मोतीबिंदूमुळे काम बंद केलेले. मी म्हटलं, "आजोबा, मी मेकॅनिकलला आहे." (हे वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.)

मग मी पंप काढला. मॅन्युअल डाउनलोड केलं, यूट्यूबवर इंग्लंडच्या आजोबांचे व्हिडिओ पाहिले. पॉइंट साफ केले, कॉइलचा रेझिस्टन्स मोजला, तो बरोबर होता. पडदा उघडताना आतले पितळी रोलर घरंगळत अंगणात गेले. अकरा असतात ते, चकतीला मधोमध ठेवायला. दहा सापडले, अकरावा आजीच्या रांगोळीत सापडला. पडदा बसवण्याचीही एक गंमत आहे. तो फिरवत फिरवत आत न्यायचा, रॉकर उलटेनासा झाला की एकेक भोक मागे घ्यायचा, रॉकर उलटायला लागला की अजून चार भोकं मागे. हे मी तीनदा केलं. जोडला, चावी फिरवली, टक-टक-टक-टक! मला वाटलं, आपण इसिगोनिसचे वारस.

दुसऱ्या दिवशी रंकाळ्याला दोन चकरा मारल्या आणि तिसऱ्या चकरेत गाडी पुन्हा बंद. पंप पुन्हा गरम.

इथे थांबून तुम्हीच विचार करा. मी पंप दुरुस्त केल्यावर गाडी थोडा वेळ का चालली? मला वाटलं, पॉइंट साफ केल्यामुळे. मी हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही, कारण मला हवं ते उत्तर मिळालं होतं. "पंप साफ केला, गाडी चालली, म्हणजे दोष पंपातच, फक्त पंप फार जुना आहे." निष्कर्ष : नवीन पंप. माझ्या साठवलेल्या पैशांतून साडेतीन हजारांचा युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक पंप मागवला. बॉक्सवर लिहिलं होतं '12 व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ'. मी '12 व्होल्ट' एवढंच वाचलं. मायनर पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. जुन्या पॉइंटवाल्या पंपाला त्याने फरक पडत नाही, पण इलेक्ट्रॉनिक पंपाला पडतो. तो मख्ख बसला. नशीब, जळला नाही. वायर उलटवल्यावर चालला, आणि काय जोरात चालला!

तोच तर घोटाळा. जुना पंप जेमतेम दीड-दोन पीएसआय प्रेशर देतो. या नवीन पंपाच्या बॉक्सवर चार ते सात पीएसआय छापलेलं होतं. तेही मी वाचलं होतं, पण 'जास्त म्हणजे चांगलं' असं काहीसं डोक्यात होतं. (फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मला चांगले मार्क आहेत, विचारू नका.) कार्बोरेटरची बिचारी निडल एवढ्या प्रेशरला थांबवू शकली नाही. आजी-आजोबांना घेऊन निघालो, पहिल्या सिग्नलला उभे होतो, आणि आजी मागून म्हणाली, "पेट्रोलचा वास येतोय रे."

मी बॉनेट उघडलं. फ्लोट चेंबरमधून पेट्रोल बाहेर येत होतं आणि कार्बोरेटरवरून थेंब खाली पडत होते. या इंजिनात कार्बोरेटरच्या बरोबर खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आहे. तापलेला. मी आजोबांना ओरडून चावी बंद करायला लावली, आजीचा हात धरून तिला अक्षरशः ओढत फुटपाथवर नेलं. काही झालं नाही. पण 'काही झालं नाही' हे माझ्या हुशारीमुळे झालं नाही, एवढं मला कळतं.

घरी आल्यावर आजोबा शांतपणे म्हणाले, "आता ही धोक्याची झाली. एक गिऱ्हाईक मागे विचारत होतं, त्याला फोन करतो." पन्नास वर्षं होत आली ती गाडी घरात आहे. माझे बाबा तिच्यातून शाळेत गेलेत. आणि ती विकली जाणार होती, कारण मी एक चुकीचा निष्कर्ष काढला होता आणि तो सोडायला तयार नव्हतो.

मग मी गुपचूप मिस्त्रींच्या घरी गेलो.

त्यांनी पंप बघायला मागितलाच नाही. ओट्यावर बसूनच विचारायला लागले. कधीपासून होतंय? लांब गेल्यावर होतंय का घरातल्या घरातपण? टाकी भरलेली असताना लवकर बंद पडती का रिकामी असताना? मी म्हटलं, "भरलेली असताना लवकर." त्यांनी मान हलवली. "आणि हे सुरू व्हायच्या आधी गाडीत काय बदललंस?" मी म्हटलं, "काहीच नाही." खरंच मला काही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी जुना पंप परत लावायला सांगितला. त्यांना शेजारी बसवून मी केर्लीच्या रस्त्याला लागलो. गाडी बंद पडली. मी सवयीने बॉनेटकडे धावलो तर म्हणाले, "चावी चालूच ठेव. आन् गप उभा ऱ्हा, कान दे." स्वतः काठी टेकत गाडीच्या मागे गेले आणि टाकीचं झाकण फिरवलं.

सूऽऽऽस! प्रेशर कुकरसारखा आवाज, फक्त उलटा. हवा आत जाण्याचा. आणि त्याच क्षणी पुढून टक-टक-टक-टक-टक.

"बाळ, ह्ये झाकण कुणी बसवलं?"

मी. गणपतीच्या सुट्टीत. जुनं झाकण सैल होतं, पेट्रोल रंगावर सांडायचं, म्हणून मी किल्लीचं, छान क्रोमचं नवीन झाकण आणलं होतं. जुन्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक होतं. नवीन झाकण पूर्ण बंद. पंप पेट्रोल ओढत होता, त्याच्या जागी टाकीत हवा येत नव्हती, आत व्हॅक्यूम तयार होत होता. टाकी काठोकाठ भरलेली असली की वर हवेला जागा कमी, म्हणून व्हॅक्यूम लवकर. शेवटी चुंबकाची ताकद कमी पडायची, पडदा अर्ध्यावर अडकायचा, पॉइंट जुळलेले राहायचे, आणि पंप तापायचा. तापल्यामुळे तो थांबत नव्हता, थांबल्यामुळे तापत होता. वीस मिनिटांनी कुठून तरी थोडी हवा आत शिरायची आणि गाडी दोन किलोमीटर चालायची. आणि मी पंप 'दुरुस्त' केल्यावर गाडी का चालायची? कारण पंप काढण्यासाठी मी टाकीकडची नळी सोडवायचो! तेवढ्यात टाकी श्वास घ्यायची. मी पॉइंट साफ केले असते, पंपाची पूजा केली असती किंवा नुसती नळी काढून परत लावली असती, तरी गाडी चाललीच असती.

मिस्त्री हसले नाहीत. "झाकण उघडून बघायला पैसे पडत न्हाईत," एवढंच म्हणाले. आणि मग मला घाट चढवून जोतिबाला न्यायला लावलं, झाकण सैल ठेवून.

आता कॉलेजकडे येतो. मिस्त्रींना बर्नोलीचं समीकरण माहीत नाही. मला पाठ आहे. बंद टाकीतून द्रव काढला तर आतलं प्रेशर कमी होतं, हे मी परीक्षेत लिहिलंय आणि त्याला मार्क मिळालेत. तरी ते ज्ञान केर्लीच्या रस्त्यावर माझ्या डोक्यात आलं नाही. मला याचं एकच कारण दिसतं. आपल्याला प्रश्न नेहमी कुठल्या चॅप्टरचा आहे हे सांगून दिला जातो. सेंट्रिफ्यूगल पंप ट्रायल म्हटलं की रिग चालू असणारच, व्हॉल्व्ह फिरवायचा, रीडिंग घ्यायची, ग्राफ काढायचा, आणि ग्राफ सीनिअरच्या ग्राफसारखा आला नाही तर रीडिंग 'अ‍ॅडजस्ट' करायची. मशीन काय म्हणतंय ते ऐकायची गरजच पडत नाही, कारण ते काय म्हणणार हे आधीच छापलेलं असतं. नवीन पंप मागवताना मीही हेच केलं. उत्तर आधी ठरवलं आणि लक्षणं त्यात बसवली.

म्हणून माझी मागणी आहे. दर सेमिस्टरला निदान एक प्रॅक्टिकल असं द्या की ज्यात मशीन बंद आहे आणि का बंद आहे ते जर्नलमध्ये नाही. महागडी सोय नको. आपल्या आयसी इंजिन लॅबमध्ये मोर्स टेस्ट होतेच की! त्यात आपण एकेक सिलिंडर मुद्दाम बंद करतो आणि पॉवर किती कमी झाली ते मोजतो. कुठला सिलिंडर बंद केला हे सगळ्या बॅचला माहीत असतं. एकदा ते सांगू नका. लॅब असिस्टंट काकांना कुठलाही एक प्लग सुटा करू दे आणि आम्हाला आवाजावरून, एक्झॉस्टला हात जवळ नेऊन शोधू दे. पंपाच्या रिगवर सक्शनचा व्हॉल्व्ह पाव बंद ठेवा आणि आम्हाला सांगू नका. एवढंच.

मी हे आमच्या एका सरांना बोललो. त्यांनी दोन अडचणी सांगितल्या, आणि त्या खोट्या नाहीत. एक, वीस जणांची बॅच, दोन तास, कुणालाच दोष सापडला नाही तर टर्मवर्कचं काय? दुसरी, विद्यार्थी काहीतरी उघडून बसतील आणि रिग कायमची जाईल. दुसऱ्या अडचणीबद्दल मी, सिग्नलवर पेट्रोल सांडलेला माणूस, काय बोलणार? खरंच भीती आहे. पण नियम करा ना, पहिला अर्धा तास पान्याला हात लावायचा नाही. फक्त बघायचं, ऐकायचं, विचारायचं आणि लिहायचं. मला त्या नियमाने साडेतीन हजार वाचले असते. आणि मार्कांचं म्हणाल, तर दोष सापडला का याला मार्क देऊ नका. कुठला प्रश्न आधी विचारला, कुठली तपासणी आधी केली, आणि ती तपासणी करताना आपणच काही बदललं का, याला द्या. फुकटात आणि न उघडता होणारी तपासणी आधी करणाऱ्याला जास्त. झाकण उघडून बघणाऱ्याला पैकीच्या पैकी.

काही मित्र म्हणतात, आता सगळं स्कॅनरला जोडायचं असतं, कोड वाचायचा आणि पार्ट बदलायचा, टकटक ऐकून काय करायचंय? मला ते पटत नाही. स्कॅनरही 'फ्युएल प्रेशर लो' एवढंच सांगेल. पंप दुबळा आहे, फिल्टर तुंबलाय की टाकीला हवा मिळत नाहीये, हे त्यालाही कुणीतरी विचारावंच लागेल. आणि मी जुन्याचा भक्तही नाही. इंग्लंडमध्ये हे पंप आजही नवीन बनतात, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेलेही मिळतात, आणि आजोबांचा पंप कधी खरंच गेला तर मी तोच घेईन. फक्त अर्थिंग कुठलं आणि प्रेशर किती ते दोनदा वाचून.

मिस्त्रींना सगळंच माहीत होतं असंही नाही. 2023 पासून टप्प्याटप्प्याने आलेलं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे मिळतं. (त्यातलं काही आमच्याच जिल्ह्याच्या उसाचं असेल.) इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवतं, मऊ करतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. 1955 च्या गाडीच्या नळ्या आणि पंपाचा पडदा यासाठी बनलेलेच नाहीत. मिस्त्री म्हणत होते, नळ्या अजून चांगल्या दिसतात. मी एक कापून दाखवली, आतून अस्तर सुटलं होतं. तेव्हा त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन ती बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "ह्ये मला ठावं नव्हतं. बदल सगळ्या." सगळ्या बदलल्या, इथेनॉलला टिकणाऱ्या. पडदाही मागवलाय. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की फी अगदीच वाया गेली नाही.

गिऱ्हाईकाला आजोबांनी नको म्हणून कळवलं. जुनं झाकण मी नवीन वॉशर टाकून परत लावलं, भोक तांब्याच्या तारेने साफ करून. क्रोमचं झाकण आजीने घेतलं, तिच्या म्हणण्याप्रमाणे ते पेपरवेट म्हणून चांगलं आहे. आणि साडेतीन हजारांचा, एकदाच वापरलेला, चार ते सात पीएसआयचा इलेक्ट्रॉनिक पंप माझ्या होस्टेलच्या कपाटात पडून आहे. प्रोजेक्टसाठी कुणाला हवा असेल तर मेसमध्ये भेटा, किंमत बोलता येईल. बॉक्स पूर्ण वाचल्याशिवाय मात्र मिळणार नाही.